हंडा आणि विधेयक

मराठीत ‘वाली’ हा प्रत्यय सहसा दारावर येणाऱ्या बाईला लागतो. भाजीवाली, फुलवाली, मासळीवाली, बांगडीवाली. तिची यायची वेळ ठरलेली, डोक्यावरची पाटी ठरलेली, आणि एक दिवस ती आली नाही तर घराघरात चौकशी सुरू होते. पुढाऱ्यांना आपण अशी नावे देत नाही. त्यांच्या वाट्याला लोकमान्य, कर्मवीर, सेनापती, आचार्य अशी भारदस्त विशेषणे येतात. गोरेगावच्या बायांनी मात्र आपल्या नगरसेविकेला ‘पाणीवाली बाई’ म्हटले आणि पुढे सगळ्या महाराष्ट्राने तेच नाव उचलले. त्यात कौतुक होतेच, शिवाय एक हक्कही होता. पाणीवाली आहेस ना, मग पाणी घेऊन ये. ही बाई म्हणजे मृणाल गोरे.

त्यांच्या जीवनकार्याकडे वळण्याआधी या नावाविषयी एक तक्रार नोंदवावीशी वाटते. नाव इतके चपखल बसले की त्यामागे त्यांचे निम्मे काम झाकले गेले. मृणालताई म्हटले की रिकामे हंडे, हातातली लाटणी, मंत्र्याच्या दारात बसलेल्या बायका आठवतात. मोर्चाचे छायाचित्र निघते, विधेयकाचे निघत नाही. त्यामुळे ही बाई १९६१ मध्ये मुंबई महापालिकेत, १९७२ मध्ये विधानसभेत, १९७७ मध्ये लोकसभेत आणि १९८५ मध्ये पुन्हा विधानसभेत निवडून गेली होती, तिथे विरोधी पक्षनेती झाली होती, आणि गर्भलिंगचाचणीविरुद्धचा देशातला पहिला कायदा ज्या धडपडीतून महाराष्ट्रात झाला तिच्यात तिने मांडलेल्या विधेयकाचा वाटा होता, हे सांगावे लागते. पाणी आणले हे लोकांच्या लक्षात राहिले. सभागृहात काय मांडले ते विसरले गेले. ही प्रस्तावना मुख्यतः त्या विसरलेल्या भागासाठी आहे.

मृणाल मोहिले यांचा जन्म २४ जून १९२८ चा. बेचाळीसच्या आंदोलनाच्या वेळी त्या चौदा वर्षांच्या होत्या. त्या वयातल्या कितीतरी मराठी मुलामुलींना राष्ट्र सेवा दलाने घराबाहेर काढले. शाखेवर मुली मुलांच्या बरोबरीने येत, गाणी म्हणत, जात विचारत नसत. मुलीने संध्याकाळी घराबाहेर असणे हीच ज्या काळात बातमी होती, त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. मृणालताई वैद्यकीय शिक्षण घेत होत्या. ते अर्धवट सोडून त्यांनी स्वतःला सेवादलाच्या कामाला वाहून घेतले. वाचकाने एवढे ध्यानात ठेवावे, की डॉक्टर होता होता राहिलेल्या या मुलीला चाळीस वर्षांनी डॉक्टरांच्याच एका धंद्याविरुद्ध उभे राहायचे होते.

१९४८ मध्ये त्यांनी सेवादलातलेच कार्यकर्ते केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी आंतरजातीय विवाह केला आणि दोघे गोरेगावात राहू लागले. तेव्हाचे गोरेगाव मुंबईच्या वेशीबाहेरचे गाव होते. ग्रामपंचायत, तबेले, शेते, आणि फाळणीनंतर व गिरण्या-कारखान्यांमागोमाग वाढत जाणारी वस्ती. या जोडप्याने तिथे जे काम उभे केले त्यात बायकांसाठी आरोग्याचे आणि कुटुंब नियोजनाचे काम होते. पन्नासच्या दशकात या विषयावर बायकांशी मोकळेपणी बोलायचे तर बोलणाऱ्या बाईकडे धीटपणा हवा आणि ऐकणारीला तिच्याबद्दल विश्वास हवा. मृणालताईंचा मतदारसंघ पुढे परिसीमन आयोगाने आखला. त्याआधी तो अशा घराघरातल्या गप्पांतून आखला गेला होता.

१९५८ मध्ये बंडू गोरे गेले. मृणालताई तिशीच्या, पदरी लहान मुलगी. सार्वजनिक काम करणाऱ्या पुरुषाची पत्नी म्हणून समाजात एक जागा असते, पण विधवेची जागा त्या काळात बहुधा माजघरात. त्या तिथे बसल्या नाहीत. बंडूंच्या नावाने गोरेगावात केशव गोरे स्मारक ट्रस्ट उभा राहिला. पुढची पन्नास वर्षे चळवळींच्या बैठका, व्याख्याने, शिबिरे आणि अडचणीतल्या बायकांची गाऱ्हाणी यांना ती जागा हक्काची झाली.

आता पाण्याविषयी. १९५७ मध्ये बृहन्मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत सरकली आणि गोरेगाव शहरात आले. शहर आले, पण शहराचे पाणी आले नाही. नकाशा उघडून पाहिला तर यातला विरोधाभास टोचतो. १८६० मध्ये मुंबई बेटाची तहान भागवायला बांधलेला विहार तलाव गोरेगावच्या पूर्वेला आरेच्या पलीकडेच आहे. पाणी उशाला होते, नळ मात्र कोरडे होते. आधी जुन्या शहराची सोय, मग उपनगरांची, आणि झोपडपट्टीचा नंबर शेवटी, असा तो क्रम होता.

पाणी भरणे हे बाईचे काम मानले गेल्यामुळे पाणीटंचाईचा सगळा भार तिच्यावर पडतो. पहाटे तीनला उठून नळाच्या रांगेत हंडा ठेवायचा, भांडणे सोसायची, मग स्वयंपाक, मग कामावर जायचे. मुलगी असेल तर शाळा बुडवून तिने रांग धरायची. मृणालताईंनी हे हेरले होते. स्त्रीहक्क हा शब्द तेव्हा गोरेगावात कोणी वापरत नव्हते, पण बाईची झोप, वेळ आणि पाठ यांचा हिशेब पालिकेपुढे ठेवणे ही हक्काचीच मागणी होती. १९६१ मध्ये नगरसेविका झाल्यावर त्यांनी हा हिशेब महापालिकेच्या सभागृहात नेला. बाहेर हंडा मोर्चा आणि आत जलवाहिन्यांचे, वेळापत्रकांचे, अंदाजपत्रकातल्या तरतुदींचे प्रश्न. त्यांच्या कामाची ही रीत इथे ठरली आणि ती शेवटपर्यंत बदलली नाही. पालिकेचा अधिकारी एका मोर्चाला आश्वासन देऊन वाटेला लावू शकतो. त्या आश्वासनाची तारीख लिहून ठेवणारी बाई पुढच्या सभेत समोर बसलेली असेल, तर त्याला फाईल हलवावी लागते.

१९७२ चे साल महाराष्ट्र विसरलेला नाही. दुष्काळ, सुकडी, रोजगार हमीची कामे, खडी फोडणाऱ्या बाया. शहरात धान्य, तेल, रॉकेल, साखर यांचे भाव चढत होते आणि रेशनच्या दुकानांवर रांगा लागत होत्या. त्या वर्षी मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. समाजवादी मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते, मार्क्सवादी कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर, कम्युनिस्ट पक्षाच्या तारा रेड्डी, शिवाय कमल देसाई, मंजू गांधी अशी मंडळी एका व्यासपीठावर आली. त्यांच्या पक्षांतल्या पुरुषांना एकमेकांशी जमवून घेणे बहुतेक वेळा जमलेले नव्हते. या बायकांना जमले, कारण रिकाम्या डब्याला पक्ष नसतो.

लाटणे मोर्चा ही या समितीची खूण झाली. थाळ्या बडवत, लाटणी उगारत बायका मंत्र्यांपर्यंत पोचल्या. लाटण्यात विनोद होता, कारण नवऱ्याला लाटणे दाखवणारी बायको हा मराठी व्यंगचित्रांचा ठरलेला विषय. या बायांनी तो विनोद चोरला आणि सरकारकडे वळवला. ज्यांनी कधी उंबरठ्याबाहेर घोषणा दिली नव्हती अशा गृहिणींना लाटणे हातात धरताना संकोच वाटला नाही, हे त्याचे खरे यश. पुढे ऐंशीच्या दशकातल्या तरुण स्त्रीमुक्तीवाद्यांनी यावर रास्त आक्षेप घेतला: या आंदोलनाने गृहिणीला रस्त्यावर आणले, पण स्वयंपाकघर तिचेच का, हा प्रश्न विचारलाच नाही. आक्षेप खरा आहे. तरीही त्या मोर्चातून गेलेली बाई घरी परतली ती आधीची राहिली नव्हती, हेही तितकेच खरे. आणि मृणालताई स्वतःही लाटण्यापाशी थांबल्या नाहीत.

त्याच १९७२ मध्ये समाजवादी पक्षाच्या तिकिटावर त्या विधानसभेत गेल्या. तीन वर्षांनी आणीबाणी आली. त्या भूमिगत झाल्या, १९७५ च्या डिसेंबरमध्ये पकडल्या गेल्या आणि त्यांनी तुरुंगवास भोगला. १९७७ च्या निवडणुकीत त्या उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या, तेव्हा भिंतींवर आणि तोंडातोंडी एक घोषणा होती: ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में.’ इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्या होत्या. मुंबईच्या बहुभाषी चाळींनी ही घोषणा हिंदीतच घडवली आणि गल्लीतले टोपणनाव देशाच्या राजकारणात नेऊन बसवले.

या निवडणुकीतली आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. १९७७ मध्ये अहिल्या रांगणेकरही मुंबई उत्तर-मध्य मतदारसंघातून लोकसभेत गेल्या, आणि १९८० मध्ये त्याच मतदारसंघातून प्रमिला दंडवते. लाटणे मोर्चाच्या तीन आघाडीच्या बाया, तीन वर्षांत, एकाच शहरातून संसदेत. महिलांसाठी राखीव जागा तेव्हा नव्हत्या. ज्या चळवळीला वृत्तपत्रे कौतुकाने किंवा थट्टेने ‘बायकांचा मोर्चा’ म्हणत होती, तिने पक्षांना न सापडलेले उमेदवार तयार केले होते.

मोरारजी देसाईंच्या मंत्रिमंडळात आरोग्य खाते देऊ केले असता मृणालताईंनी ते घेतले नाही. आज हे वाचणाऱ्या तरुणाला यात भाबडेपणा दिसेल. मला यात एक अडचणीचा प्रश्न दिसतो आणि त्याचे उत्तर चरित्रातून प्रत्येकाने आपापले काढावे. मंत्रिपद घेतले असते तर आरोग्याच्या क्षेत्रात त्या काय करू शकल्या असत्या? सत्तेला विचारणारी आणि सत्ता राबवणारी अशी दोन माणसे लोकशाहीला लागतात. त्यांनी पहिली भूमिका निवडली आणि तिची किंमतही मोजली: निर्णयाची लेखणी त्यांच्या हातात कधी आली नाही. जे मिळवले ते दुसऱ्याच्या हातातली लेखणी हलवून मिळवले.

ही लेखणी कशी हलवतात? विधिमंडळाचे काम बाहेरून पाहणाऱ्याला गोंधळ, घोषणा आणि सभात्याग एवढेच दिसते. पण विरोधी बाकावरच्या सदस्याकडे हत्यारांची एक पेटी असते. तारांकित प्रश्न विचारला की मंत्र्याला सभागृहात उभे राहून तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न येतात. लक्षवेधी सूचनेने एखाद्या तातडीच्या विषयावर सरकारला निवेदन करावे लागते. उत्तर समाधानकारक नसेल तर अर्ध्या तासाची चर्चा मागता येते, अंदाजपत्रकात कपात सूचना देता येते. ही सगळी नियमांच्या पुस्तकातली, कंटाळवाणी, तारखा आणि मुदतींनी बांधलेली साधने. यातले प्रत्येक साधन म्हणजे मोर्चाची सभागृहातली आवृत्ती आहे: समोरच्याला उभे करायचे, उत्तर घ्यायचे आणि ते नोंदवून ठेवायचे. रस्त्यावर वाढलेल्या मृणालताईंना ही साधने परकी वाटली नाहीत, याचे कारण हेच असावे.

पेटीच्या तळाशी एक हत्यार असते, अशासकीय विधेयक. मंत्री नसलेला सदस्यही स्वतः कायद्याचा मसुदा मांडू शकतो. तो मंजूर होण्याची आशा जवळजवळ नसतेच. संसदेत १९५२ पासून अशी फक्त १४ विधेयके कायदा झाली आणि त्यातले शेवटचे १९७० मध्ये. मग मांडायचे कशाला? सरकारला त्या विषयावर तोंड उघडायला लावायचे म्हणून. प्रमिला दंडवतेंनी लोकसभेत हुंड्याच्या कायद्यात सुधारणा सुचवणारे विधेयक मांडले ते याच हेतूने, आणि १९८४ मध्ये हुंडाबंदी कायद्यात दुरुस्ती झाली. महाराष्ट्राच्या विधानसभेत १९८६ मध्ये मृणालताईंनी मांडलेले गर्भलिंगचाचणीविरोधी विधेयक याच जातीचे होते. त्याची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे.

गर्भजलपरीक्षा हे तंत्र भारतात सत्तरच्या दशकाच्या मध्यावर आले ते गर्भातले जनुकीय दोष ओळखण्यासाठी. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत त्याचे प्रयोग सुरू झाले आणि लवकरच ध्यानात आले, की लोकांना दोषापेक्षा लिंग जाणून घेण्याची घाई आहे. १९७८ मध्ये केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयांत लिंगनिदानासाठी या चाचणीला मनाई केली. खाजगी दवाखान्यांना मनाई नव्हती, आणि धंदा तिकडे सरकला. १९८२ मध्ये अमृतसरच्या एका दवाखान्याच्या जाहिरातीवरून देशभर आरडाओरडा झाला. मुंबईत तर आज काही शे रुपये खर्च करा आणि उद्याचा हुंडा वाचवा, अशा आशयाच्या जाहिराती उघडपणे झळकत.

त्या काळी या चाचणीच्या बाजूने बोलणारे सगळेच लबाड नव्हते. लोकसंख्या कमी होईल, नकोशी झालेली मुलगी जन्मभर हाल सोसण्यापेक्षा बरे, आईला निवडीचा हक्क आहे, असे सुशिक्षित माणसे म्हणत. १९८३ मध्ये इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीमध्ये हा वाद रंगला. अर्थशास्त्रज्ञ धर्मा कुमार यांनी असा युक्तिवाद केला, की मुलींची संख्या घटली तर मागणी-पुरवठ्याच्या नियमाने त्यांची किंमत वाढेल. मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी त्याला उत्तर दिले: जिथे बायका कमी आहेत तिथे त्यांचा मान वाढत नाही, त्यांच्यावरची जबरदस्ती वाढते. पुढच्या तीस वर्षांत उत्तरेत मुलीच्या शोधात परराज्यांतून वधू आणल्या गेल्या, तेव्हा लीलाताईंचे म्हणणे कुणाला पटवून द्यावे लागले नाही.

मुंबईत १९८५-८६ च्या सुमारास स्त्री संघटना, जागरूक डॉक्टर, वकील आणि विज्ञान चळवळीतले कार्यकर्ते यांचा एक मंच लिंगनिदान आणि लिंगनिवडीविरोधात एकत्र आला. दवाखान्यांसमोर निदर्शने झाली, लोकलमध्ये प्रचार झाला. पण आंदोलनाला आकडे हवे होते. ते डॉ. संजीव कुलकर्णी यांच्या पाहणीने दिले. राज्य सरकारसाठी झालेल्या या पाहणीत मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलणे झाले आणि त्यातले ४२ जण गर्भजलपरीक्षा लिंग जाणण्यासाठी करत असल्याचे दिसले. शंभरात चौऱ्याऐंशी. आता हा अपवादात्मक डॉक्टरांचा गैरप्रकार आहे असे म्हणायची सोय उरली नाही. शहरातल्या प्रतिष्ठित व्यवसायाची ती रोजची रीत झाली होती.

या ठिकाणी मृणालताईंचे विधेयक सभागृहात आले. त्यातली खरी अवघड जागा कायद्याच्या भाषेत होती. १९७१ च्या कायद्याने बाईला गर्भपाताची सुरक्षित वाट मिळाली होती आणि स्त्री चळवळीला ती कुठल्याही परिस्थितीत बंद होऊ द्यायची नव्हती. मुलीचा गर्भ पाडणे थांबवा असे कायद्यात लिहिले तर उद्या प्रत्येक गर्भपात संशयास्पद ठरला असता आणि बायका पुन्हा सुईणींच्या आणि वैदूंच्या हाती गेल्या असत्या. म्हणून बंदी गर्भपातावर न घालता चाचणीवर घालायची, आणि गुन्हेगार ठरवायचा तो चाचणी करणाऱ्याला, अशी चळवळीची भूमिका होती. बोलायला सोपी, लिहायला कठीण. तंत्र रोगासाठी वापरायला मोकळीक आणि लिंगासाठी वापरायला मनाई, हा भेद प्रयोगशाळेच्या बंद दारामागे ओळखायचा कसा?

अशासकीय विधेयकाने आपले काम केले. सरकारला भूमिका घ्यावी लागली आणि शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९८८ मध्ये सरकारने स्वतः आणलेला कायदा मंजूर झाला. या विषयावर कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य ठरले. सहा वर्षांनी, १९९४ मध्ये, केंद्राने कायदा केला आणि तो १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. महाराष्ट्राच्या विधानभवनात निघालेली वाट दिल्लीपर्यंत पोचली, एवढे श्रेय निर्विवाद आहे. हे श्रेय एकट्या मृणालताईंचे नाही. बाहेर चळवळ नसती तर विधेयक कागदावर राहिले असते. आत विधेयक नसते तर चळवळीचा आवाज विधानभवनाच्या फाटकाशी थांबला असता.

पण प्रस्तावना लिहिणाऱ्याने आरती ओवाळून थांबू नये. १९८८ च्या कायद्याने चाचणीची दारे बंद केली नाहीत, परवान्याने उघडी ठेवली. खाजगी केंद्रांना नोंदणी मिळाली. सामान्य नागरिकाला तक्रार घेऊन थेट न्यायालयात जाणे सोपे नव्हते. आणि कायदा गर्भजलपरीक्षेच्या मागे लागलेला असतानाच सोनोग्राफीचे यंत्र आले, जे स्वस्त होते, सुईशिवाय चालत होते आणि तालुक्याच्या गावीही पोचत होते. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारांना अंमलबजावणीबद्दल फटकारले, तेही सेहत आणि मासूम या संस्था व साबू जॉर्ज यांनी याचिका केल्यावर. २००३ मध्ये केंद्रीय कायद्यात दुरुस्ती झाली.

दरम्यान जनगणनेने आपला निकाल लिहून ठेवला. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३, आणि २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात २०११ ला हा आकडा ८०७ होता. देशात पहिला कायदा करणाऱ्या राज्याचा आकडा संपूर्ण देशाच्या सरासरीखाली गेला. १७ जुलै २०१२ रोजी वसईत मृणालताईंचे निधन झाले, त्याच्या काही आठवडेच आधी परळीतल्या गर्भपात प्रकरणाने महाराष्ट्र हादरला होता. डॉक्टर होता होता राहिलेल्या या बाईने ज्या धंद्याविरुद्ध कायदा मागितला होता, तो धंदा तिच्या शेवटच्या उन्हाळ्यातही पहिल्या पानावर होता.

यातून कायदा निरुपयोगी ठरतो का? मला तसे वाटत नाही. कायदा नसता तर याचिका कशावर झाली असती, यंत्रांची नोंदणी कोणी मागितली असती, परळीत गुन्हा कोणत्या कलमाखाली लावला असता? कायदा ही नळाची जोडणी आहे. ती झाल्यावर वर पाणी सोडणारा माणूस जागा आहे की नाही हे रोज पाहावे लागते. पाण्याच्या बाबतीत गोरेगावच्या बाया हे रोज पाहत होत्या, कारण नळ कोरडा पडला की हंडा त्याच दिवशी बोलतो. जन्माला न आलेल्या मुलीच्या बाबतीत असा हंडा नसतो. तिची टंचाई वीस वर्षांनी कळते. म्हणून पाण्याच्या लढ्यात जी रीत कामी आली ती या लढ्यात अपुरी पडली. मृणालताईंच्या कारकिर्दीतून घ्यायचा हा सर्वांत कठीण धडा आहे.

कायद्याच्या मर्यादा त्यांनाही उमजत असाव्यात, कारण त्या निव्वळ कायद्यावर विसंबून राहिल्या नाहीत. १९८३ मध्ये गोरेगावात ‘स्वाधार’ हे केंद्र सुरू झाले. मार खाऊन, घराबाहेर काढली जाऊन आलेल्या बाईला तिथे बसायला जागा, ऐकणारे कान, वकील आणि पुढचा रस्ता मिळू लागला. पोलीस ठाण्यात ‘घरगुती मामला’ म्हणून परत पाठवली जाणारी बाई इथे येई. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा संसदेने केला तो २००५ मध्ये. ज्या गोष्टीवर स्वतंत्र कायदा नव्हता तिची दखल स्वाधारने बावीस वर्षे आधी घेतली होती.

आणि मग घरे. कमाल जमीनधारणा कायद्याने शहरातली जादा जमीन गरिबांच्या घरांसाठी वापरायची होती. प्रत्यक्षात ती बहुतेक सवलतीच्या पळवाटांतून बिल्डरांकडे जात होती. नागरी निवारा परिषदेच्या माध्यमातून मृणालताई आणि बाबूराव सामंत यांनी ही जमीन मागितली, कायद्याचे कलम दाखवून मागितली, आणि दीर्घ झगड्यानंतर गोरेगावच्या पूर्वेला दिंडोशीजवळ सहा हजारांहून अधिक घरे उभी राहिली. शिक्षक, कारकून, कामगार अशा माणसांना मुंबईत स्वतःच्या मालकीचे घर मिळाले. पुस्तकातला कायदा दगड-विटांत उतरवता येतो याचा हा मुंबईतला दुर्मीळ पुरावा आहे, आणि तो आजही जाऊन पाहता येतो.

त्यांच्या राजकीय बाजूला एक उणे बाकीही आहे. १९९० नंतर त्या विधिमंडळात परतल्या नाहीत. समाजवादी पक्ष फुटत, विलीन होत, पुन्हा फुटत गेले. मुंबईत गिरण्या बंद पडल्या, अस्मितेच्या राजकारणाने चाळी आणि झोपडपट्ट्या ताब्यात घेतल्या, आणि नळावरच्या बायांना एकत्र बांधणारा धागा विरत गेला. त्यांच्यामागे संस्था उभ्या राहिल्या, पण तसा पक्ष उभा राहिला नाही. चळवळीतून आमदार घडवणारी ती वाट त्यांच्या पिढीबरोबर बहुतांशी बुजली. २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ पैकी २४ स्त्रिया निवडून आल्या. २०२३ च्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश जागांचे आश्वासन दिले आहे. जागा येतील तेव्हा त्यांवर कोण बसणार हा प्रश्न राहील. पुढाऱ्याची सून, मुलगी, पत्नी सहज मिळते. पाणीवाली बाई घडायला नळाच्या रांगेत काढलेली वर्षे लागतात.

गोरेगावात आज मृणालताई गोरे यांच्या नावाचा उड्डाणपूल आहे. रोज हजारो गाड्या त्यावरून जातात आणि खालच्या वस्त्यांकडे पाहायला कुणाला सवड नसते. पुढची पाने वाचणाऱ्याने जमल्यास एक करावे. विधिमंडळाच्या कामकाजाचे वृत्तांत छापलेले आहेत, ग्रंथालयात वाचता येतात. १९७२ ते ७७ आणि १९८५ ते ९० या काळातले खंड काढावेत आणि एक बाई कोणत्या दिवशी कोणत्या मंत्र्याला काय विचारत होती ते पाहावे. मग आपल्या आमदाराकडे जावे. मतदारसंघात किती निधी आणला, किती रस्ते आणले, हे आपण सगळेच विचारतो. यापुढे एक प्रश्न वाढवावा: सभागृहात तुम्ही काय मांडले?